ब्रेकची एअर घरी काढायची? आधी समजून घ्या पाइपात काय साचलंय

(ही या भागाची लिखित आवृत्ती. बोलण्याचा बाज तसाच ठेवलाय, फक्त आमचे 'म्हणजे' आणि 'काय होतं ना' थोडे कमी केलेत.)



आज हात काळे करायचेत. विषय आहे चारचाकीच्या ब्रेकची एअर घरच्या घरी काढणं. गॅरेजमध्ये याला 'एअर काढणं' म्हणतात, इंटरनेटवर 'ब्रेक ब्लीडिंग' म्हणून शोधलंत तर शेकडो व्हिडिओ सापडतील. त्यातले बरेचसे दहा मिनिटांचे असतात आणि बघून वाटतं, अरे, हे तर सोपं आहे. नट सैल करा, पेडल दाबा, नट घट्ट करा, झालं.

कृती खरंच सोपी आहे. पण ती नेमकी कशासाठी करतोय हे कळलं नाही, तर काम अर्धवट होतं आणि अर्धवट झालंय हे कळतही नाही. गेटबाहेर चक्कर मारली की ब्रेक छान लागतो. तो लागत नाही ते नेमका घाट उतरताना. म्हणून आज आधी पाइपात काय चालतं ते बघू, मग पाना हातात घेऊ.

पेडलपासून चाकापर्यंत काय जातं?

घरी एक प्रयोग करता येईल. मेडिकलमधून सुया नसलेल्या दोन सिरिंज आणि थोडी पातळ नळी आणा. दोन्ही सिरिंज नळीने जोडा आणि सगळीकडे पाणी भरा. एकीचा दट्ट्या दाबला की दुसरीचा लगेच बाहेर येतो. जितका दाब इकडे, तितका तिकडे. आता नळीत थोडी हवा जाऊ द्या आणि पुन्हा दाबा. पहिला दट्ट्या आत जातो, पण दुसरा जागचा हलतच नाही. थोडा वेळ तुम्ही नुसती हवा चेपत बसता.

गाडीच्या ब्रेकमध्ये हेच आहे. पेडलमागे असतो मास्टर सिलिंडर, ती पहिली सिरिंज. चाकापाशी डिस्क असेल तर कॅलिपर आणि ड्रम असेल तर व्हील सिलिंडर, ती दुसरी. मधल्या पाइपांत ब्रेक ऑइल. द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हा शाळेतला पास्कलचा नियम. तो सतराव्या शतकातला, पण चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक असलेली ड्यूसेनबर्ग ही अमेरिकन कार बाजारात आली ती १९२१ च्या सुमारास. तेव्हापासून मूळ कल्पना बदललेली नाही.

यात एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पेडल पूर्ण दाबलं तरी मास्टर सिलिंडर जे ऑइल पुढे ढकलतो ते फार थोडं असतं, चहाच्या चमच्याने मोजता येईल इतकं. त्यामुळे पाइपात एखाद-दोन चमचे हवा असली तरी पेडलची निम्मी चाल ती चेपण्यातच जाते. मग पाय स्पंजवर ठेवल्यासारखं वाटतं, किंवा ब्रेक दुसऱ्या-तिसऱ्या पंपाला लागतो. मेकॅनिक लोक एका शब्दात सांगतात, "स्पंजी झालाय."

ही हवा आपोआप येत नाही. कॅलिपर बदलला, पाइप उघडला, कुठे गळती झाली, किंवा बॉनेटखालची ब्रेक ऑइलची डबी रिकामी होईपर्यंत कुणी बघितलंच नाही, अशा वेळी हवा आत शिरते. यातलं काहीच झालेलं नसताना पेडल मऊ लागत असेल, तर आधी गळती शोधा. फक्त एअर काढलीत, तर आठवड्याभराने तीच तक्रार परत येईल.

आणि दुसरा पाहुणा: पाणी

हवा हा त्यातला सोपा भाग, कारण ती पेडलवर लगेच कळते. पाणी कळत नाही.

ब्रेक ऑइल म्हणतो आपण, पण ते तेल नाही. आपल्याकडच्या गाड्यांत साधारणपणे डॉट ३ किंवा डॉट ४ असतं आणि ते ग्लायकॉल जातीच्या रसायनांपासून बनतं. त्याला पाण्याची ओढ असते. हवेतला दमटपणा रबरी होजमधून, डबीच्या झाकणातून हळूहळू आत येतो आणि ऑइलमध्ये विरघळतो. थेंब दिसत नाही, थर दिसत नाही. मुंबईत, कोकणात, गोव्यात गाडी चार महिने पावसात उभी असते, तिथे तर हवेला ओलावा काही कमी नाही.

आता आकडे बघा. डॉट ३ ताजं असेल तर ते किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये, असं मानक सांगतं. डॉट ४ साठी हाच आकडा २३०. पण त्यात ३.७ टक्के पाणी मिसळलं, की डॉट ३ साठी मानक १४० अंशांवर येतं आणि डॉट ४ साठी १५५ वर. म्हणजे इतक्याशा पाण्याने ६५ ते ७५ अंशांची सुरक्षितता गेली.

"पण ब्रेक इतका तापतो का?" रोजच्या ऑफिसच्या रस्त्यावर नाही तापत. घाटात तापतो.

महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना तुम्ही साधारण १,३०० मीटर खाली येता. माणसं-सामानासकट गाडी १,२०० किलोची धरा. इतकं वजन इतक्या उंचीवरून खाली आणताना जी ऊर्जा सुटते, तिने जवळपास ४८ लिटर साधं पाणी उकळीला येईल. अडीच-तीन बादल्या! यातली काही वाऱ्यात आणि टायरमध्ये जाते, काही इंजिन झेलतं, जर तुम्ही खालच्या गिअरमध्ये असाल तर. न्यूट्रलवर किंवा वरच्या गिअरमध्ये, पाय ब्रेकवर ठेवून उतरलात, तर त्यातली बहुतेक उष्णता ब्रेकमध्येच जाते.

मग जे होतं ते नीट ऐका, आजच्या भागातली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे.

पाय पेडलवर असतो तेव्हा पाइपात दाब असतो, आणि दाबाखाली द्रव उशिरा उकळतो. सरळ पट्टा आला म्हणून तुम्ही पाय उचलता. दाब गेला. कॅलिपर अजून तापलेलाच आहे. आता ऑइलमधल्या पाण्याची वाफ होते. साध्या हवेच्या दाबाला पाण्याची वाफ मूळ पाण्याच्या साधारण १,६०० ते १,७०० पट जागा घेते. एका थेंबाची वाफ कटिंग चहाचा ग्लास भरेल एवढी. आणि मास्टर सिलिंडर ढकलतो किती? काही चमचे. पुढचं वळण येतं, तुम्ही ब्रेक दाबता आणि पेडल थेट खाली.

याहून वाईट म्हणजे गाडी थांबली, अर्ध्या तासात सगळं गार झालं, की वाफेचं परत पाणी होतं आणि पेडल पुन्हा कडक लागतं. मेकॅनिकला दाखवलं तर तो म्हणेल, "ब्रेक तर ओके आहे." तो खोटं बोलत नाही, त्याला गार झालेला ब्रेक दिसतोय.

म्हणून दोन कामं वेगळी समजा. पाइपातली हवा घालवणं हे एक. पाणी प्यायलेलं जुनं ऑइल पूर्ण काढून नवीन भरणं हे दुसरं. एका चाकाशी चार पंप मारून बुडबुडे गेले की पहिलं काम होतं, दुसरं होत नाही. आज घरी जे करणार आहोत त्यात दोन्ही करायची.

किती दिवसांनी? बऱ्याच कंपन्या दोन वर्षं किंवा ठराविक किलोमीटर, यातलं जे आधी येईल ते सांगतात. तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये आहे, तोच धरा. गाडी कमी चालते म्हणून वर्षं वाढवू नका. पाणी किलोमीटर मोजून आत येत नाही.

हे काम घरी कधी करायचं नाही

कृती सांगण्याआधी ही यादी. यातलं एक जरी लागू असेल तरी गाडी गॅरेजला.

- डबी पूर्ण रिकामी झालेली आहे आणि गाडीत एबीएस आहे. एबीएसच्या युनिटमध्ये हवा अडकली तर ती बाहेर काढायला बऱ्याच गाड्यांत स्कॅनर लावून त्यातले व्हॉल्व्ह चालवावे लागतात. घरी पंप मारून ती निघेलच असं नाही.
- गाडी हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक आहे, किंवा हँडब्रेक बटणाचा आहे. यांची पद्धत वेगळी असते.
- चाकाच्या आतल्या बाजूला, पाइपावर किंवा पेडलच्या वर ओल दिसतेय.
- ब्रेकचा किंवा एबीएसचा दिवा पेटलेला आहे.
- गाडी वॉरंटीत आहे. मग उगाच कशाला?
- जागा उताराची आहे, किंवा फक्त गाडीसोबत आलेला जॅक आहे आणि स्टँड नाहीत.

गाडीत नुसतं एबीएस आहे म्हणून घाबरायचं कारण नाही. डबी कधीच रिकामी होऊ दिली नाही, तर साधं ऑइल बदलणं बहुतेक गाड्यांत नेहमीच्या पद्धतीने होतं. तरी मॅन्युअल बघाच.

सामान

ब्रेक ऑइलची सीलबंद बाटली. डॉट कितीचं हवं ते डबीच्या झाकणावर छापलेलं असतं. चारही चाकांचं पूर्ण बदलायला साधारण अर्धा ते एक लिटर लागतं, म्हणून अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या घ्या. फोडलेली बाटली पुढच्या वर्षासाठी ठेवायची नाही, ती फडताळात बसून तेच करते जे गाडीत करत होती. पाणी पिते.

निपलच्या मापाचा रिंग पाना. ८ किंवा १० चा लागण्याची शक्यता जास्त, पण आधी लावून बघा. फिक्स पाना नको, त्याने निपलचे कोपरे गोल होतात.

निपलवर घट्ट बसेल अशी पारदर्शक नळी, एक पारदर्शक बाटली, मोठी सिरिंज, फडकी, हातमोजे, चष्मा, पाण्याची बादली. जॅक, दोन स्टँड, चाकांना लावायला लाकडी ठोकळे. आणि एक माणूस, ज्याला तुम्ही सांगितलेलं ऐकू येतं.

पाण्याची बादली कशाला? ब्रेक ऑइल गाडीच्या रंगावर पडलं तर रंग उचलतं. फडक्याने पुसत बसू नका, आधी भरपूर पाणी ओता. डोळ्यांत गेलं तर भरपूर पाण्याने धुऊन सरळ डॉक्टरकडे.

गाडी उचलताना

एक बारीक पण जिवावरची गोष्ट. बहुतेक गाड्यांत हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो. म्हणजे मागचं चाक उचललंत की हँडब्रेक गाडीला धरत नाही. मागचं चाक उचलताना गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, ऑटोमॅटिक असेल तर पी मध्ये, आणि पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. पुढचं चाक उचलताना हँडब्रेक ओढा आणि मागच्या चाकांना ठोकळे लावा. जॅक फक्त उचलायला, वजन स्टँडवर. काढलेलं चाक गाडीखाली आडवं सरकवून ठेवा. काही सरकलं तर गाडी त्यावर बसेल, तुमच्या हातावर नाही.

आता कृती

इंजिन बंद. पेडल चार-पाच वेळा दाबून सोडा, म्हणजे बूस्टरमधला व्हॅक्यूम संपेल आणि पेडलचा खरा अंदाज येईल.

बॉनेट उघडा. डबीचं झाकण आधी बाहेरून पुसा, मग उघडा. धुळीचा कण आत नको. सिरिंजने वरचं काळपट ऑइल ओढून घ्या, पण तळ उघडा पाडू नका. नवीन ऑइल मॅक्सच्या रेघेपर्यंत भरा. असं केलं की जुनं ऑइल सगळ्या पाइपांतून फिरवत बसावं लागत नाही.

कुठल्या चाकापासून? जुना नियम असा की मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. पण अनेक गाड्यांत पाइप कर्णात जोडलेले असतात, म्हणजे एक पुढचं आणि त्याच्या विरुद्ध कोपऱ्यातलं मागचं चाक एका लाइनवर, आणि तिथे कंपनी वेगळा क्रम देते. मॅन्युअलमध्ये दिला असेल तर तोच खरा.

चाक काढा. कॅलिपरच्या वरच्या भागात, किंवा ड्रमच्या मागच्या प्लेटवर, रबरी टोपी घातलेलं छोटं निपल दिसेल. टोपी काढा, आधी रिंग पाना बसवा, मग त्यावर नळी. नळीचं दुसरं टोक बाटलीत, आणि बाटलीत तळाला थोडं नवीन ऑइल, म्हणजे टोक बुडालेलं राहील. चुकून हवा ओढली जायची शक्यता कमी होते. नळी निपलपासून आधी वरच्या दिशेने जाऊ द्या, मग बाटलीकडे. बुडबुडा वर जातो, त्याला रस्ता द्या.

निपल हलत नसेल तर? गंज सैल करणारा स्प्रे मारा, तोही डिस्कवर किंवा पॅडवर न उडवता, आणि थांबा. तरीही हलत नसेल तर सोडून द्या. निपल आतून पोकळ असतं, जोर केला तर मुंडी हातात येते, आणि मग काही शे रुपयांचं काम काही हजारांवर जातं.

ड्रम किंवा कॅलिपर काढलेला असताना पेडल कधीच दाबायचं नाही. पिस्टन बाहेर येईल.

आता दोघांचं काम. तुम्ही चाकाशी, दुसरा सीटवर. शब्द आधी ठरवून घ्या. गॅरेजमधले तीन शब्द पुरतात: दाब, धर, सोड. सीटवर बाबा असतील तर दाबा, धरा, सोडा.

"दाब." तो पेडल हळू दोन-तीनदा दाबतो आणि शेवटी दाबून ठेवतो.

"धर." तो म्हणतो, "धरलंय." हे ऐकल्याशिवाय पान्याला हात नाही. तुम्ही निपल पाव ते अर्धा आटा सैल करता. ऑइल नळीतून येतं, पेडल खाली जातं. तो पाय उचलत नाही.

निपल बंद करा. बंद झाल्यावरच, "सोड."

सगळी गोम या क्रमात आहे. निपल उघडं असताना पाय उचलला, तर मास्टर सिलिंडर बाहेरची हवा आत ओढून घेतो आणि तुम्ही जे काढायला बसलात तेच आत भरता. म्हणून गाणी बंद, फोन बाजूला, आणि उत्तर ऐकूनच पुढची हालचाल.

गाडी जुनी असेल तर पेडलखाली लाकडाची छोटी फळी ठेवा. रोजच्या वापरात पेडल अर्ध्यापर्यंतच जातं. त्यापुढचा मास्टर सिलिंडरचा भाग वर्षानुवर्षं न वापरलेला आणि कदाचित गंजलेला असतो. आतला रबरी सील त्यावरून घासला तर कापला जाऊ शकतो. काम एअर काढण्याचं होतं आणि शेवटी मास्टर सिलिंडर गेला, असं याच कारणाने होतं.

दर पाच-सहा वेळा दाबून झालं की उठून डबी बघा आणि भरा. कंटाळा आला तरी बघा. डबी रिकामी झाली तर आत्तापर्यंतचं सगळं पाण्यात, आणि वर एबीएसची कटकट.

थांबायचं कधी? नळीत सलग बुडबुडे नाहीत आणि येणारं ऑइल बाटलीतल्या नव्यासारखं फिकट, स्वच्छ दिसतंय, तेव्हा. बुडबुडे आधी थांबतात, रंग नंतर बदलतो. बुडबुडे थांबले म्हणून उठू नका, पाणी अजून आतच आहे.

निपल घट्ट करा, पण बेताने. मनगटाचा जोर पुरे, खांद्याचा नको. टोपी घाला. पुढचं चाक.

गाडी हलवण्याआधी

चारही झाली, डबी मॅक्सपर्यंत भरली, झाकण लावलं. अजून काम संपलेलं नाही.

इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत दाबा. मग जोर लावून अर्धा मिनिट धरून ठेवा. जागच्या जागी राहिलं पाहिजे. मऊ लागलं तर हवा शिल्लक आहे, पुन्हा एक फेरी. कडक लागून हळूहळू खाली सरकत असेल तर गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचा सील गेलाय. अशी गाडी रस्त्यावर काढायची नाही.

पेडल दाबलेलंच असताना तुम्ही चारही निपलवर कोरडं फडकं फिरवा. फडकं कोरडंच राहिलं पाहिजे.

आता पेडलवर पाय ठेवून इंजिन चालू करा. पेडल किंचित खाली जाईल. ते बरोबर आहे, बूस्टर कामाला लागला. एकदम तळाला गेलं तर मात्र इंजिन बंद.

चाकं लावा, नट गाडी जमिनीवर आल्यावर पूर्ण आवळा. मग मोकळ्या जागेत, माणसाच्या चालीने, एक हात हँडब्रेकवर ठेवून दोन-चारदा ब्रेक मारून बघा. सोसायटीच्या उतारावरून पहिली चाचणी नको. दुसऱ्या दिवशी सकाळी डबीची पातळी आणि निपल पुन्हा बघा.

जुनं ऑइल मोरीत किंवा गटारात ओतू नका. बंद बाटलीत भरून, जिथे जुनं इंजिन ऑइल गोळा करतात अशा गॅरेजला द्या. बाटलीवर नाव लिहा. लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका, ते विषारी आहे.

तुमच्याकडून नेहमी येणारे प्रश्न

"एकट्याने करता येतं का?"
येतं. निपल उघडून ऑइल आपल्या वजनाने ठिबकू द्यायचं, ही एक पद्धत. वेळ खूप लागतो आणि डबीवर लक्ष ठेवावं लागतं. एकतर्फी व्हॉल्व्ह असलेली नळी किंवा हाताचा व्हॅक्यूम पंपही मिळतो. व्हॅक्यूम पंप लावल्यावर निपलच्या आट्यांतून बाहेरची हवा ओढली जाते आणि नळीत बुडबुडे संपतच नाहीत. घाबरू नका, शेवटची खात्री पेडलवर करा.

"ऑइल काळं झालं नाही, मग कशाला बदलायचं?"
रंगावरून पाणी कळत नाही. फिकट ऑइलमध्येही पाणी असू शकतं. पेनसारखे टेस्टर मिळतात, त्यांच्यावरून अंदाज येतो. तारीख लिहून ठेवणं सगळ्यात सोपं.

"पातळी कमी झाली की वरून भरलं, चालेल?"
आधी कारण बघा. ब्रेक पॅड झिजले की कॅलिपरचे पिस्टन बाहेर सरकतात आणि ऑइल तिकडे जातं, त्यामुळे पातळी हळूहळू उतरते. म्हणजे पातळी तुम्हाला पॅड बघायला सांगतेय. पटकन उतरली तर गळती.

"डॉट ५ भारी ना, तेच टाकू?"
नाही! डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते डॉट ३-४ च्या गाडीत मिसळायचं नाही. डॉट ५.१ हे नाव सारखं असलं तरी वेगळं, ते ग्लायकॉलचंच आहे. झाकणावर जे लिहिलंय ते भरा. इंजिन ऑइल, पॉवर स्टिअरिंगचं तेल यातला एक थेंबही नको. आतले रबरी सील फुगतात आणि मग सगळंच बदलावं लागतं.

"बाइकच्या डिस्क ब्रेकला पण हेच?"
तत्त्व तेच, पेडलऐवजी लिव्हर. डबी अगदी छोटी असते, म्हणून दोन-तीनदा दाबलं की बघायची. ऑइल पाणी तिथेही पितं.

जाता जाता, घाटाबद्दल

नवीन ऑइल भरलं म्हणजे घाटात ब्रेकवर पाय ठेवून उतरायचा परवाना मिळाला असं नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढलात, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा. इंजिनला गाडी धरू द्या, ब्रेक गरजेपुरता मारा आणि सोडा. न्यूट्रल नाही, इंजिन बंद तर अजिबात नाही.

उतरताना पेडल कडक लागतंय पण गाडी हळू होत नाहीये, जळका वास येतोय, तर पॅड तापलेत. पेडल मऊ होऊन खाली जातंय, तर ऑइल उकळतंय. दोन्ही वेळा सुरक्षित जागा बघून थांबा आणि सगळं गार होऊ द्या. चाकावर पाणी ओतू नका. पेडल अचानक तळाला गेलंच, तर भराभर पंप मारा, एकेक गिअर खाली आणा, हँडब्रेक झटका न देता हळूहळू ओढा, हॅझर्ड दिवे लावा.

आणि नंतर ब्रेक आपोआप ठीक झाला म्हणून तसेच पुढे जाऊ नका. कसा ठीक झाला ते आता तुम्हाला माहीत आहे.

आजचं होमवर्क छोटं आहे. गाडीची सर्व्हिसची बिलं काढा आणि ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं ती तारीख शोधा. सापडली तर फोनमध्ये नोंद करा. सापडली नाही, तर पुढच्या घाटाआधी बदलून घ्या. घरी करा नाहीतर गॅरेजमध्ये करा, पण चारही चाकांतून नवीन ऑइल येईपर्यंत करा.

भेटू पुढच्या भागात. तोवर सावकाश चालवा!